ऑइल फिल्टर: जुना रबर कुठे गेला?

नवा फिल्टर बसवल्यावर इंजिन सुरू करताच ऑइलची धार लागली, तर बहुधा जुन्या फिल्टरचा रबरी गॅस्केट (गळती रोखणारी गोल रिंग) इंजिनलाच चिकटून राहिलेला असतो. दोन गॅस्केट एकावर एक बसले की दाबाखाली सील टिकत नाही. म्हणून फिल्टर काढल्यावर आधी त्यावर रबर आहे ना ते बघा, मग बसायची जागा कापडाने पुसा.

फिल्टर निवडताना नुसता आकार जुळून भागत नाही. आटे, गॅस्केटचा व्यास आणि आतल्या बायपास व्हॉल्व्हचा (फिल्टर तुंबला तर ऑइलला थेट वाट देणाऱ्या झडपेचा) उघडण्याचा दाब इंजिनप्रमाणे बदलतो, तेव्हा मॅन्युअलमधला पार्ट नंबरच मागा. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर ऑइल मागे ओघळू न देणारा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड ऐकू येते.

नव्या गॅस्केटला बोटाने ताजं ऑइल लावा. गॅस्केट टेकला की हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा (फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर तेच पाळा). पाना फक्त काढायला! इंजिन दोनेक मिनिटं चालवून गळती तपासा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. फिल्टरमध्ये ऑइल भरल्याने पातळी थोडी उतरलेली दिसेल, तेवढं वर टाका.