पहाटे पाचची बाटली

बाल विज्ञान काँग्रेससाठी यंदा आमच्या शाळेतून नववीतली एक मुलगी आणि आठवीतला एक मुलगा, असे दोघे तयार झाले. ही स्पर्धा देशात 1993 पासून भरते आणि तिच्यात 10 ते 17 वयाच्या मुलांना आपल्या भाषेत प्रकल्प मांडता येतो, ही बेळगावसारख्या भागातल्या मराठी शाळेच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

दोघांना प्रथम म्हादईवर काम करायचे होते. ते साहजिकही होते, कारण म्हादई आणि मलप्रभा या दोन्ही नद्या खानापूर तालुक्यातच उगम पावतात. एक पश्चिमेला गोव्याकडे उतरते, तर दुसरी कणकुंबीहून निघून पूर्वेला कृष्णेला मिळायला जाते. परंतु म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने 2018 मध्ये निकाल देऊनही ज्या पाण्याचा वाद मिटलेला नाही, ते पाणी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटने (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीने) मोजण्यात काही अर्थ नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. सायकलवरून जाता येईल एवढ्या अंतरावर कंग्राळीजवळची मार्कंडेय नदी होती आणि घराच्या मागे गावचा तलाव होता. या दोन पाण्यांची तुलना करायची असे ठरले.

साधने घरचीच होती. पाण्याचा गढूळपणा पाहण्यासाठी सेक्की तबकडी लागते. ही युक्ती इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये प्रथम वापरली. आम्ही 20 सेंटिमीटर व्यासाचे डब्याचे झाकण घेऊन त्याचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवले, खाली लोखंडी नट बांधले आणि सुतळीला गाठी मारल्या. तलावात ती तबकडी वीतभर खोलीवरच दिसेनाशी झाली. नदीत मात्र ती तळाला टेकली तरी दिसतच होती, त्यामुळे तिथे तिचा उपयोग झाला नाही.

खरे काम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे ज्यावर मासे जगतात तो, मोजण्याचे होते. त्यासाठी हंगेरीच्या विंकलर यांची 1888 सालची पद्धत आजही विश्वासाची आहे. काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची आणि काठावरच तिच्यात आधी मँगनीज सल्फेट व मग अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड सोडायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. नंतर सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळून पिवळट आयोडीन मोकळे होते आणि थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करता येते, म्हणजे पिवळा रंग जाईपर्यंत किती द्रावण लागले ते मोजता येते (आम्लाची बाटली मी मुलांच्या हाती दिली नाही). 200 मिलिलिटर नमुना आणि 0.025 नॉर्मल तीव्रतेचे थायोसल्फेटचे द्रावण घेतले, तर ब्युरेटवर जितके मिलिलिटर खर्च होते तितकेच मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला असतो, म्हणून मुलांना वेगळा हिशेब करावा लागत नाही.

पहिल्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास घेतलेल्या नमुन्यांनी आम्हाला चकवले. नदीचा आकडा सहाच्या वर आला आणि तलावाचा दहाच्याही वर गेला. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरच्या आमच्या भागात, 25 अंश तापमानाला हवेतून पाण्यात मावणारा ऑक्सिजन साडेसातच्या आसपासच असतो. तरीही जास्त ऑक्सिजन म्हणजे चांगले पाणी, असे धरून मुलांनी तक्त्यावर स्केचपेनने ‘तलावाचे पाणी नदीपेक्षा शुद्ध’ असे लिहून टाकले होते. ज्या तलावात गटाराचे आणि गोठ्यांचे पाणी येते, ज्याच्या काठावर नाक धरून उभे राहावे लागते, तो शुद्ध कसा? चूक माझीही होती, कारण आकडा वाजवीपेक्षा जास्त आहे हे मला दिसत असूनही मी तो त्यांच्या वहीत उतरू दिला.

कोडे सोडवले ते त्याच तलावात जाळे टाकणाऱ्या भोईमामांनी. ‘‘मास्तर, दुपारी बघून काय कळणार? पहाटे या. मासं तोंड वर काढून असत्यात बघा, आन् आभाळ असलं की जास्तच,’’ असे ते म्हणाले. त्यांच्या एका वाक्यात सगळे शास्त्र होते. हिरव्या शेवाळाने भरलेले पाणी उन्हात ऑक्सिजन तयार करते. रात्री ते काम थांबते आणि तेच शेवाळ, शिवाय घाण कुजवणारे जिवाणू, रात्रभर साठा संपवत राहतात. ढगाळ दिवशी मुळातच कमी ऑक्सिजन साठतो, म्हणून दुसऱ्या पहाटे अडचण वाढते.

पालकांची परवानगी काढून आम्ही एका रविवारी पहाटे पाचला, विजेरी घेऊन तलावावर गेलो. मुलीने बाटली भरली, दोन्ही द्रावणे सोडली, बूच लावून उलटसुलट हलवली आणि विजेरीच्या उजेडात धरली. साका हळूहळू खाली बसू लागला, तो दह्यासारखा पांढरा. ‘‘सर, रंग आलाच नाही की,’’ एवढेच ती म्हणाली. तासाभराने कंग्राळीला पोहोचून भरलेली नदीची बाटली मात्र दुपारच्या बाटलीइतकीच तपकिरी झाली, कारण दगडांवरून उथळ वाहणारे पाणी रात्रीही हवा घेत असते.

पुढच्या आठवड्यात दर तीन तासांनी, असे चोवीस तास तलावाचे नमुने घेतले आणि त्या एका आलेखावरच प्रकल्प उभा राहिला. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. दुपारी तो निकष सहज ओलांडणारा आमचा तलाव पहाटे त्यात नापास होतो, हे आलेखात बोट ठेवून दाखवता येते. तळाच्या चिखलात सापडलेल्या लाल अळ्याही तेच सांगत होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या गाळातही तग धरतात.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांनी कन्नडमध्ये विचारले, नमुना किती वाजता घेतला? मुलीने मराठीत लिहिलेल्या तक्त्यावरची वेळ दाखवून, शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये सावकाश उत्तर दिले. पहिला चुकीचा तक्ताही आम्ही शेजारीच लावला होता, स्केचपेनच्या वाक्यावर फक्त एक आडवी रेघ मारून. मे महिन्यात पाणी आटल्यावर हेच चोवीस तास पुन्हा मोजायचे आहेत; बाटल्या धुऊन कपाटात ठेवल्या आहेत आणि भोईमामांना तसे सांगूनही झाले आहे.