दोन थेंब अँटिबॉडी, तीन कोटेशनं

खरेदी विभागातल्या काकांनी माझा इंडेंट, म्हणजे खरेदीच्या मागणीचा अर्ज, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "किती लिटर आहे हे?"

"शंभर मायक्रोलिटर."

"म्हणजे?"

"दोन थेंब, काका."

त्यांनी चश्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग किमतीच्या रकान्याकडे. अंदाजे ३५ हजार. "दोन थेंबांना? सोन्याचं पाणी आहे का?" मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीचं माझं दुसरं वर्ष चालू होतं. विषय होता स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमधला ईआर-बीटा. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीत ज्यांना जाऊन चिकटतं असे दोन मुख्य रिसेप्टर, म्हणजे ईआर, आहेत. त्यातला अल्फा सगळ्यांच्या ओळखीचा. स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेनसारखी औषधं त्याच्याच जिवावर चालतात. बीटा हा धाकटा भाऊ, १९९६ साली स्वीडनमध्ये उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीतून सापडला. तेव्हापासून त्याच्यावर ढिगाने पेपर निघालेत. आम्हाला एवढंच बघायचं होतं, की आमच्या पेशींना अमुक एक औषध दिलं की हा बीटा वाढतो की कमी होतो. त्यासाठी हवी त्याला ओळखणारी अँटिबॉडी. पेशींतल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं एकच हुडकून त्याला चिकटणारी. निदान जाहिरातीत तरी तसं असतं.

तेव्हा सरकारी पैशातून खरेदी म्हटली की आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधायचं, तिथे नसेल तर 'उपलब्ध नाही' असा रिपोर्ट काढून जोडायचा, मग तीन कोटेशनं, तुलना तक्ता आणि सर्वांत कमी दर देणारा एल-वन. खुर्च्या, टोनर, प्लॅस्टिकच्या ट्यूब, सगळं याच वाटेने यायचं. मी इंडेंटमध्ये लिहिलं: 'अँटी-ईआर-बीटा अँटिबॉडी, वेस्टर्न ब्लॉटसाठी, १०० मायक्रोलिटर.' (वेस्टर्न ब्लॉट म्हणजे पेशीतलं एखादं प्रथिन अँटिबॉडीने शोधायची चाचणी.) तीन वितरकांनी तीन कंपन्यांची कोटेशनं पाठवली. एक उंदराची मोनोक्लोनल, एक सशाची मोनोक्लोनल, एक सशाची पॉलिक्लोनल. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातली, सगळे रेणू एकसारखे. पॉलिक्लोनल म्हणजे सशाच्या रक्तातून काढलेलं मिश्रण. तो ससा मेला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. पण तक्त्यात तिघींचं नाव एकच होतं, त्यामुळे फरक राहिला तो फक्त दराचा. पॉलिक्लोनल ३२ हजारांना, म्हणून तीच एल-वन. माझ्या गाइड मॅडमनी सही केली, मीही काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा बोलण्यासारखं काही कळतच नव्हतं. डेटाशीटवर एक ठळक बँड, म्हणजे प्रथिन सापडल्याची रेघ, छापलेला होता आणि खाली तीसेक पेपरांची यादी. एवढ्या लोकांनी वापरलीय म्हणजे चांगलीच असणार.

सात आठवडे गेले. त्यातले शेवटचे चार दिवस पार्सल मुंबईत कस्टम्समध्ये पडून होतं, मध्ये शनिवार-रविवार. थर्माकोलचा भलामोठा डबा आला, उघडला तर आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं, आणि तळाशी करंगळीच्या पेराएवढी कुपी. माझ्या पोटात गोळा आला. सिनियर ताई म्हणाली, "घाबरू नकोस, अँटिबॉडी चिवट असते, दोनचार दिवस गार नसली तरी मरत नाही. उघडण्याआधी फिरव मात्र, अर्धी झाकणाला चिकटलेली असते." कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मी दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग केले, प्रत्येकावर तारीख आणि लॉट नंबर लिहिला आणि उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवले. सारखं गोठवणं-वितळवणं मात्र तिला मानवत नाही.

पहिला ब्लॉट अजून डोळ्यांसमोर आहे. पेशी फोडून त्यातली प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी केली, मेंब्रेनवर उतरवली, स्किम्ड मिल्क पावडरच्या पाच टक्के द्रावणात तासभर बुडवून ठेवली, म्हणजे मोकळ्या जागा दुधाच्या प्रथिनांनी भरतात आणि अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मग एकास हजार पातळ केलेली आपली अँटिबॉडी, रात्रभर कोल्ड रूममध्ये रॉकरवर. सकाळी धुणं, सेकंडरी (म्हणजे पहिलीला चिकटून ती कुठे बसलीय ते दाखवणारी दुसरी अँटिबॉडी), पुन्हा धुणं, आणि डार्क रूम. लाल दिव्यात डेव्हलपरमध्ये फिल्म हलवत असताना ५९ किलोडाल्टनच्या खुणेजवळ हळूहळू एक काळी रेघ उमटली. ईआर-बीटाचं वजन नेमकं तेवढंच. मी डार्क रूममध्ये एकटीच होते, तरी मोठ्याने "आला!" म्हणाले.

तशा ७० जवळ आणि ४५ जवळ आणखी दोन रेघा होत्या. त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक होतं: स्लाइडवर घेताना वरचं-खालचं कापायचं. सगळेच कापतात. त्या रेघांचं खापर मी वितळलेल्या आइस पॅकवर फोडलं होतं.

पुढचे तीन महिने मी त्या ५९च्या रेघेची सेवा केली. औषध दिलं, रेघ जाड झाली. मात्रा वाढवली, जरा आणखी जाड. मधेच एकदा सेकंडरी पुन्हा वापरायला टिकवायच्या नादात तिच्यात सोडियम अझाइड हे जंतू रोखणारं रसायन घातलं आणि फिल्म कोरी आली. अझाइड सेकंडरीवर बसवलेल्या एन्झाइमचाच गळा आवळतं, हे त्या दिवशी शिकले. तो गुरुवार पूर्ण वाया गेला. पण तीन महिन्यांच्या हिशेबात तो एक गुरुवार काहीच नव्हता.

लॅब मीटिंगमध्ये मी ग्राफ दाखवला. मॅडम खूश. मागून ताईने विचारलं, "ज्यात बीटा नाहीच अशा पेशींची लेन कुठाय?" लेन म्हणजे जेलवरचा एका नमुन्याचा पट्टा.

नव्हती. मी म्हटलं, बँड बरोब्बर वजनाला आलाय ना. ती म्हणाली, "त्या वजनाला पेशीत आणखी शेकडो प्रथिनं असतील." आवाज न चढवता म्हणाली, म्हणून जास्त लागलं. आणि मला एकदम आठवलं, की याच पेशींचं क्यूपीसीआर, म्हणजे आरएनए मोजायची चाचणी, केलं होतं तेव्हा बीटाच्या आरएनएचा सी-टी ३६ आला होता. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ३६ म्हणजे असून नसल्यासारखं. आरएनए असून नसल्यासारखा आणि प्रथिनाची रेघ मात्र बोटाएवढी जाड. हे दोन कागद माझ्या वहीत चार पानांच्या अंतरावर चिकटवलेले होते. मी कधी एकत्र पाहिलेच नव्हते.

शेजारच्या लॅबकडून ईआर-बीटाचा प्लाझमिड, म्हणजे पेशीत घातला की तिला ते प्रथिन बनवायला लावणारा डीएनएचा गोल तुकडा, मागून आणला. त्याला फ्लॅग नावाचं छोटं शेपूट जोडलेलं होतं. एचईके-२९३ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी घेतल्या, ज्यांत स्वतःचा बीटा जवळजवळ नसतो. अर्ध्या पेशींत प्लाझमिड घातला, अर्ध्यांत रिकामा. एकाच जेलवर दोन्ही, शेजारी आमच्या कर्करोगाच्या पेशी. मेंब्रेनचे दोन तुकडे. एकाला फ्लॅगची अँटिबॉडी, दुसऱ्याला आमची ३२ हजारांची. फ्लॅगवाल्या तुकड्यावर प्लाझमिडच्या लेनमध्ये असा दणदणीत बँड आला की फिल्म जळाल्यासारखी दिसत होती, आणि रिकाम्या लेनमध्ये काही नाही. म्हणजे प्रथिन तिथे होतं, भरपूर होतं. आमच्या तुकड्यावर तिन्ही लेनमध्ये ५९ला तीच शांत, एकसारखी रेघ. ढिगाने असलेल्या ईआर-बीटाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तीन महिने मी मोजत होते ते दुसरंच कुठलं तरी प्रथिन. कुठलं, ते अजून माहीत नाही.

वितरकाला फोटो पाठवले. उत्तर आलं, ब्लॉकिंगला (मोकळ्या जागा भरायला) दुधाऐवजी बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन वापरून पाहा. पाहिलं. मग, धुण्याचा वेळ वाढवा. वाढवला. शेवटी त्यांनी फार सौजन्याने तीच अँटिबॉडी बदलून दिली, नव्या लॉटची. नव्या लॉटमध्ये ४५ची रेघ गायब आणि १००ला एक नवीन. पैसे परत मागायची सोय नव्हती. क्रेडिट नोट घेतली तर ती कुठल्या हेडखाली दाखवायची, यावर अकाउंट्सशी झालेला पत्रव्यवहार माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेपेक्षा लांब आहे.

आणि मग मी ते केलं, जे इंडेंट भरायच्या आधी करायला हवं होतं: वाचलं. २०१७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ईआर-बीटाच्या १३ अँटिबॉडी अशाच तपासल्या होत्या. खरी निघाली एक. पीपीझेड-०५०६ नावाचा उंदराचा क्लोन, म्हणजे मोनोक्लोनलचा एक ठरावीक वंश. तो वापरून पाहिलं तर अंडाशय, वृषण यांत बीटा दिसला, पण स्तनाच्या ऊतीत, निरोगी काय नि कर्करोगाची काय, दिसलाच नाही. पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतो. माझा इंडेंट त्यानंतर पाच वर्षांनी भरलेला. डेटाशीटवरच्या तीसेक पेपरांचा जो आधार वाटला होता, त्यातले किती जण ५९च्या रेघेवर समाधान मानून पुढे गेले असतील कोण जाणे. हा एकट्या बीटाचा रोग नाही. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ प्रथिनांच्या ६१४ अँटिबॉडी, ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशींशी ताडून तपासल्या. निकाल पाहून कंपन्यांनीच काही बाजारातून मागे घेतल्या.

दुसऱ्या इंडेंटमध्ये मी 'अँटी-ईआर-बीटा' एवढ्यावर थांबले नाही. क्लोनचं नाव लिहिलं आणि खाली 'हाच क्लोन, अन्य चालणार नाही'. सोबत २०१७च्या पेपरचं पहिलं पान आणि माझा तीन लेनचा फोटो जोडला. काका म्हणाले, एकच माल सांगितलात तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (ही वस्तू एकच कंपनी बनवते असा दाखला) लागेल. लागलं नाही, कारण तो क्लोन एकाहून जास्त कंपन्या विकतात. त्यामुळे या वेळी कोटेशनं खरोखर एकाच वस्तूची आली आणि एल-वनला प्रथमच काही अर्थ आला. दर ४८ हजार. काकांनी फोटो बघून विचारलं, "यात चुकलं काय ते दाखवा." मी तिन्ही रेघांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "तिन्ही सारख्याच आहेत की." म्हटलं, काका, तेच.

नव्या अँटिबॉडीचा पहिला ब्लॉट मी फक्त कंट्रोलचा, म्हणजे अँटिबॉडीच्या पडताळणीचा, केला, औषधबिषध काही नाही. प्लाझमिडच्या लेनमध्ये एक रेघ, स्वच्छ. रिकाम्या एचईकेमध्ये काही नाही. आमच्या कर्करोगाच्या पेशींत काही नाही. एक्स्पोजर दहा मिनिटांपर्यंत वाढवलं, फिल्म राखाडी झाली, तरी काही नाही. मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे बीटा नाहीच." मग चहा मागवला. दुसरा चॅप्टर त्या चहाबरोबर गेला. पुढच्या महिन्यात आम्ही अल्फाकडे वळलो, आधी कंट्रोल लावून.

जुन्या अँटिबॉडीचे सहा भाग अजून उणे वीसमध्ये आहेत. डब्यावर मी लाल मार्करने 'वापरू नये' लिहून ठेवलंय. मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचा एक मुलगा आला, म्हणाला, "ताई, तुमच्याकडे ईआर-बीटाची अमुक कंपनीची अँटिबॉडी आहे असं कळलं, पाच मायक्रोलिटर मिळेल का? आम्ही ज्या पेपरवरून काम करतोय त्यात हीच वापरलीय." मी त्याला डबा दाखवला. मग वहीतला तो तीन लेनचा फोटो. त्याने मोबाइल काढून फोटोचा फोटो घेतला आणि विचारलं, "पण ताई, ५९ला बँड येतोय की?"