मुंबईहून येणारी मतं आणि आमची बाव

परवा पहाटे बावीवर, म्हणजे विहिरीवर, कळशी घेऊन नंबर लावून बसलेले तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहायचंच. एप्रिल संपत आला की आमच्या देवगडकडच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्यांची हीच तऱ्हा, बाव तळाला जाते, झरा येईपर्यंत वाट बघायची, मग एक कळशी भरायची, मग परत वाट. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही की मे मध्ये आम्ही पाण्यासाठी पहाटे चारला उठतो. पण खाली सगळा जांभा दगड, पाणी धरून ठेवत नाही, आणि उतार थेट समुद्राकडे. पडलं ते वाहून गेलं.

म्हणून २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत आम्ही बचत गटाच्या बायकांनी आमच्यातलीच एक सरपंचपदाला उभी केली. त्या वेळी सरपंच थेट लोकांमधून निवडायचा होता. तिचं म्हणणं एकच, वाडीच्या वरच्या अंगाला टाकी आणि जुनी गंजलेली पाइपलाइन बदलायची. समोरच्यांचं म्हणणं देवळाचा सभामंडप आणि गावाच्या तोंडाशी कमान. मी देवळाच्या विरोधात नाहीये, आमच्या देवाचा कौल घेतल्याशिवाय मी घरातलं काही मोठं काम करत नाही. पण हंडा रिकामा असताना आधी पाणी हवं एवढंच आमचं म्हणणं होतं.

मतदान १८ डिसेंबरला, रविवारी. शनिवारी रात्रीपासून गावात गाड्या यायला लागल्या, मुंबईहून मतदार भरून आणलेले. जेवणखाण, जाण्यायेण्याचा खर्च सगळा उमेदवाराचा. सकाळी आंघोळ करून मत दिलं, देवळात जाऊन आले, दुपारी जेवून गाड्या परत घाटाला लागल्या. मंगळवारी निकाल लागला, आमची बाई पन्नासच्या आत मतांनी पडली. बावीवर आमच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "मत मुंबयवाल्यांचा, हंडो आमचो." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

त्यातल्या एका गाडीत माझे मोठे दीर पण होते. राहतात ठाण्याजवळ दिव्याला, तीस वर्षं झाली. आणि इथे मला नीट सांगायला हवं कारण हे आपण विरुद्ध ते असं नाहीच आहे, एकाच घरातलं आहे. आमचं घर उभं राहिलं ते सासऱ्यांच्या मनीऑर्डरवर, ते लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, ते हात हलवत गावी आले. तेव्हा याच जमिनीने आणि सासूबाईंनी घर जगवलं. मग थोरला मुलगा मुंबईला गेला आणि धाकट्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं शिक्षण त्याने केलं. म्हणजे मुंबईचं आमच्यावर ऋण आहे आणि आमचं मुंबईवर, कोणी कोणाला "तुमचा काय संबंध" विचारायची सोय नाही.

तरी कोरोनात ते विचारलं गेलं. मे २०२० मध्ये चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरीला असलेली आमची माणसं, यायला लागले आणि गावागावात रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती, हे सगळ्यांनी बघितलंय. दीर, जाऊबाई आणि मुलं चौदा दिवस शाळेत होती. मी पेज आणि भाकरी कुंपणाच्या बाहेर ठेवायचे आणि लांब उभी राहायचे, जाऊबाई येऊन उचलायच्या. वाडीतले काही जण त्यांच्याकडे बघून नको ते बोलले आणि मी ऐकून गप्प बसले. ते माझं चुकलं. जाऊबाईंनी ते मनात ठेवलंय आणि त्यांचं बरोबर आहे.

पण मतदानाचं वेगळं आहे. मला कुणीतरी दाखवलं तेव्हा कळलं की १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये सरळ लिहिलंय, एखाद्या ठिकाणी घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतूनच निघते, त्यामुळे तिथे नाव राहिलं की सगळीकडे राहिलं. आता याचा परिणाम बघा, २००१ ते २०११ मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारावरून ८ लाख ४९ हजारावर आली, म्हणजे माणसं जातायत, पण यादीतून नावं त्या वेगाने जात नाहीत. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी तेवढी माणसं लागतात, आमच्याकडे भर उन्हातून बायका येऊन बसतात आणि गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. यादीतली माणसं दिव्याला, नालासोपाऱ्याला, विरारला, मग येणार कोण?

आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिव्याला दिरांच्या बिल्डिंगमध्ये पण पाणी नाही. मी गेले होते आठ दिवस, बघितलंय. टँकर मागवतात, जाऊबाई चौथ्या मजल्यावर कॅन चढवतात, गुडघे गेलेत त्यांचे. तिथला नगरसेवक त्यांच्या दारात येत नाही कारण त्यांचं मत तिथे नाहीच, ते आमच्या गावात आहे. इथे त्यांच्या मताने कमान होते आणि तिथे त्यांच्या तहानेला मत नाही. दोन जावा दोन गावात पाण्यासाठी झिजतोय आणि दोघींचं पाणी एकाच यादीत अडकलंय.

दिरांना मी हे गेल्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून बोलले. आमच्यात मोठ्या दिरांसमोर असं बोलायची पद्धत नाही, नवरा तर उठून आतच गेला. दीर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुंबईत मला माझं म्हणण्यासारखं काय आहे? भाड्याची खोली. यादीतून नाव काढलं की मी गावचा पण नाही आणि तिथला पण नाही. उद्या सातबाऱ्यावर कोणी बोट ठेवलं तर?" मी सांगितलं की सातबाऱ्याचा आणि मतदारयादीचा काही संबंध नाही, जमीन वारसाने आहे ती राहणारच. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर कागदाचा प्रश्नच नाहीये त्यांचा, आणि त्यावर माझ्याकडे पण उत्तर नव्हतं. जमिनीवर डोळा ठेवून फिरणारे एजंट आम्ही रोज बघतो, रिफायनरीच्या वेळी नाणारला आणि मग बारसूला काय काय झालं ते शेजारच्या तालुक्यात बसून ऐकलंय, त्यामुळे त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी १ मे, ग्रामसभा होती. सुट्टीत सगळे गावात असतात म्हणून ही एकच सभा भरते. पहाटे दीर आपणहून कळशी घेऊन माझ्याबरोबर बावीवर आले. दोन तास बसलो, तीन कळश्या मिळाल्या. सभेत त्यांनी हात वर करून टाकीबद्दल विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उत्तर मिळालं की प्रस्ताव पाठवलाय. टाकी अजून झालेली नाही.

पुतण्याने मात्र त्याच आठवड्यात मला फोन करून विचारलं की नाव हलवायला कुठला फॉर्म लागतो. फॉर्म ८, मी सांगितलं. त्याने भरला, आता त्याचं नाव दिव्याच्या यादीत आहे आणि त्यांच्या बिल्डिंगमधली आणखी काही पोरं पण भरतायत असं म्हणाला. दीर तेव्हापासून त्याच्याशी धड बोलत नाहीत, गावाशी नाळ तोडलीस म्हणतात. जाऊबाईंनी फोनवर मला एवढंच विचारलं, "गणपतीला त्याची आरतीची जागा तीच ना गो?" म्हटलं तीच. त्याने तिकीट काढलंय.