एच. पायलोरीचा कोर्स आणि नंतरचं पोट

वर्षानुवर्षं ॲसिडिटीची कॅप्सूल घेणाऱ्याला डॉक्टर कधी ना कधी म्हणतातच, "एकदा दुर्बीण घालून बघूया." आम्हा सांगलीकरांना त्यासाठी मिरज जवळ. आधी दोन आठवडे कॅप्सूल बंद ठेवायला लावली, नाहीतर पोटात एच. पायलोरी हा जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. ते दोन आठवडे दुर्बिणीपेक्षा वाईट गेले. दुर्बिणीचं काय, घशात फवारा, तोंडात प्लॅस्टिकची कडी, दोन-चार उमाळे, झालं. बघण्यासारखं पुढे होतं. जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलवर ठेवला आणि मी चपला घालून बाहेर येईपर्यंत त्याच्या कडेनं गुलाबी रंग चढायला लागला. एच. पायलोरी, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, युरिया फोडून अमोनिया तयार करतो, त्याच्याच जोरावर जठराच्या आम्लात तग धरतो. त्या अमोनियानं रंग बदलतो.

याच जंतूमुळे जठराला सूज येते हे पटवायला ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला. पुढे 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. मला फक्त गोळ्या गिळायच्या होत्या.

अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि ॲसिड कमी करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, 14 दिवस. क्लॅरिथ्रोमायसिननं तोंडाला अशी चव येते की जणू जिभेवर तांब्याचा पैसा ठेवलाय. चहा कडू, भडंग कडू. कोर्स अर्धा होतोय तोवर जुलाब सुरू झाले. गोळ्या सोडून द्यायचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: अर्धवट कोर्समुळे जंतू मरायचा राहतो आणि पुढच्या वेळी तेच औषध त्याच्यावर चालेल याची खात्री नसते.

डॉक्टरांनी कारण सांगितलं ते पटलं. जंतू जठरात, पण औषध पुढे मोठ्या आतड्यातही पोचतं, आणि माणसाची खरी जंतूंची वस्ती तिथेच. धान्य-डाळींतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जंतू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. शिवाय जागा आणि खाणं अडवून हे जंतू क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या उपद्रवी जंतूला पसरू देत नाहीत. अँटिबायोटिक कामाचे आणि उपद्रवी असा भेद करत नाही. म्हणून जुलाबासोबत ताप किंवा रक्त दिसलं तर ताक पीत घरी बसायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं.

औषधाच्या दुकानात महागाचे प्रोबायोटिक, म्हणजे कामाच्या जंतूंचे, सॅशे पुढे केले गेले. मी घेतले नाहीत. 2018 मध्ये इस्रायलमधल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळची वस्ती उलट उशिरा सावरली होती. अभ्यास छोटा होता, पण माझा हात आखडायला तेवढं पुरलं.

आईचा इलाज वेगळाच. "लई औषधं झाली, आता आंबील पी," म्हणाली. जोंधळ्याचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवायचं. आता शिजवल्यावर त्यातले जंतू मरणारच. म्हणून ती आंबील कोमट झाली की वरून ताजं ताक घालते. का, ते तिला विचारलं तर म्हणते, चव येते. ताकातले जंतू आतड्यात कायमचे मुक्कामाला राहत नाहीत, पण जोंधळ्याचा चोथा आतल्यांच्या कामी येतो. शाळूची शिळी भाकरीही चांगली, कारण गार झाल्यावर तिच्यातला काही स्टार्च न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो.

मटकीची उसळ मात्र घाई करू नका. पहिल्याच आठवड्यात वाटीभर खाल्ली आणि मार्केट यार्डात सौदा चालू असताना पोटानं जी गुरगुर केली, ती शेजारच्या अडत्यालाही ऐकू गेली. मग दोन चमच्यांपासून वाढवत गेलो.

कोर्स संपल्यावर जंतू गेला का ते लगेच कळत नाही. अँटिबायोटिक थांबून किमान चार आठवडे आणि ॲसिडची गोळी थांबून दोन आठवडे झाल्याशिवाय शौचाची अँटिजेन टेस्ट, म्हणजे शौचात जंतूचे अंश शोधणारी तपासणी, करायची नाही. ही दुसरी टेस्ट बरेच जण टाळतात, कारण बरं वाटत असतं. माझी निगेटिव्ह आली आणि कॅप्सूल बंद झाली. तिखट खाल्लं की अजून जळजळतं, पण ते तिखटाचं.