दोन रिकामे चॅनेल आणि झोन २चं मौनव्रत

होम थिएटरचा रिसीव्हर सात चॅनेलचा, स्पीकर मात्र ५.१चे (पाच स्पीकर, एक सबवूफर). म्हणजे सराउंड बॅकचे (पाठीमागच्या जादा स्पीकरांचे) दोन अँप, म्हणजे अँप्लिफायर, नुसते बसून. आधी बाय-अँप करून पाहिलं: पुढच्या स्पीकरचा वूफर एका चॅनेलवर, ट्वीटर दुसऱ्यावर. पुस्तिकेत त्याचं तोंडभरून कौतुक आहे. मला काडीचाही फरक ऐकू आला नाही. सगळे चॅनेल शेवटी एकाच पॉवर सप्लायवर चालतात, मग जादा ताकद येणार कुठून?

मग ते चॅनेल शेजारच्या खोलीला द्यायचं ठरवलं. 'अँप असाइन'मध्ये झोन २ (दुसऱ्या खोलीसाठीचा वेगळा आवाज) निवडलं, वायर ओढली. आणि इथेच घोडं अडलं. झोन २ चालू, आवाज वाढवलेला, स्पीकर ढिम्म. वायरची टोकं पुन्हा सोलली, लाल-काळं तपासलं, मेनू पिंजून काढला. काही नाही. वैतागून रिसीव्हरचा एफएम लावला, तर खणखणीत वाजला! पुन्हा सेट-टॉप बॉक्स, पुन्हा चिडीचूप. म्हणजे वायर, स्पीकर, अँप सगळं ठणठणीत, गोची इनपुटमध्ये.

कारण सापडलं ते पुस्तिकेतल्या तळटीपेत: एचडीएमआय आणि ऑप्टिकलवरून आलेला डिजिटल आवाज झोन २ला जात नाही, फक्त अ‍ॅनालॉग जातो. अरे, मग हे स्क्रीनवर सांगायला काय झालं होतं? निदान 'या इनपुटला आवाज नाही' एवढं तरी! बॉक्सच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना त्याच नावाच्या अ‍ॅनालॉग इनपुटला जोडल्या, एचडीएमआय तशीच ठेवली. हॉलमध्ये डिजिटल, आतल्या खोलीत अ‍ॅनालॉग. काही नव्या मॉडेलांत डिजिटलही जातं, पण फक्त दोन चॅनेलचं पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज). तिथे बॉक्सचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर ठेवून बघा. रिसीव्हर घेतानाच हे विचारून घ्या, दुकानदार आपणहून सांगत नाही.

हो, बाय-अँप करायचंच असेल तर स्पीकरमागे टर्मिनलच्या दोन जोड्या लागतात, आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या आधी काढायच्या. त्या राहिल्या तर दोन अँपचे आउटपुट एकमेकांना भिडतात, अँप जळू शकतो. असाइन बदललं की माइक लावून कॅलिब्रेशन (स्पीकरांचा आवाज खोलीप्रमाणे जुळवणं) पुन्हा करायचं. छताला स्पीकर लावायची तयारी असेल तर हेच चॅनेल ५.१.२ (शेवटचे दोन छताचे), म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसला देता येतात, पण मग बऱ्याच सात चॅनेलच्या रिसीव्हरमध्ये झोन २ला अँप उरत नाही. त्यासाठी वेगळा अँप लावावा लागतो.