आर्क्टिक मंकीज आणि तो पियानो
२००६ चे आर्क्टिक मंकीज म्हणजे इंग्लंडच्या शेफील्डची रॉक बँडवाली पोरं, गिटार सुसाट आणि शब्द त्याहून सुसाट, पहिला अल्बम पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांच्या वर खपला! मग २००९ च्या 'हमबग' अल्बमसाठी अमेरिकन रॉक गिटारवाला नि निर्माता जॉश होमीकडे थेट कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेले नि आवाज एकदम जड, संथ... खरं सांगू, मला तेव्हा अजिबात झेपला नव्हता. पण २०१३ च्या 'एएम'मध्ये हिपहॉपचा ठेका आणि ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या छापाचे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) ऐकले तेव्हा ट्यूब पेटली, हे बी तिकडच्या वाळूतलंच की! पुढे बँडचा गायक अ‍ॅलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला पियानो मिळाला काय, २०१८ चा अख्खा अल्बम त्यावरच सुचला, गिटार कोपऱ्यात. मित्र म्हणतात बोअर झालेत, मी मात्र रात्री तोच लावतो.