घरच्यांना ज्याचं उत्तर येतं, असा गृहपाठ

आमची जिल्हा परिषदेची शाळा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी पट्ट्यात, द्राक्षबागांच्या मधोमध. चौथीच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील बागेत उक्ती कामं घेतात. काही कुटुंबं पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आली आणि इथंच राहिली. अशा घरात ‘धडा वाचून प्रश्नोत्तरं लिहून आणा’ असा गृहपाठ गेला की तो मुलाच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो. ज्याच्या घरात शिकलेलं कुणी आहे त्याची वही भरते, बाकीच्यांची कोरी राहते. आणि कोऱ्या वहीचा ठपका बसतो तो घरावर. हे मला मान्य नव्हतं.

घरच्यांना उत्तर येईल असाच गृहपाठ द्यावा, असं मी मुख्याध्यापक सरांशी बोलले. ते म्हणाले, “शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा.” शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे जागा योग्यच होती. जाताना केंद्र सरकारचं 2020 चं दप्तर धोरण सोबत नेलं. पहिली-दुसरीला गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरीही शंका आल्याच. “पाढे लिहायला बसलं की पोरगं अभ्यास करतंय हे दिसतं तरी, मॅडम.” “शिष्यवृत्तीचं काय?” मग एक ताई म्हणाल्या, “आम्हाला वाचता येत नाही. पोरगी विचारायला आली की मी कामाला लागल्यासारखं करते.” माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं होतं. मी म्हटलं, “ताई, आता पोरगी तुम्हाला येतं तेच विचारायला येईल.”

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉयस एप्स्टाइन यांनी अशा गृहपाठाची एक पद्धत बसवली आहे. पालकानं विषय शिकवायचा नाही. मुलानं बोलायचं, विचारायचं, दाखवायचं आणि शेवटी घरच्यांनी शिक्षकाला दोन शब्द कळवायचे. मी ते आमच्या गावाला बसेल असं केलं. आठवड्याला एकच प्रश्न. घरातलं कुणीही चालेल, आजी, मामा, शेजारच्या काकूसुद्धा. काही विकत आणायचं नाही. थर्माकोल आणि चकचकीत कागदाचे प्रकल्प बंद. कागदाच्या खाली तीन चेहरे छापले: मूल नीट बोललं, थोडं अडलं, मला कळलं नाही. घरच्यांनी एकावर खूण करायची. सहीची सक्ती नाही. मुदत चार दिवसांची, कारण छाटणीच्या दिवसांत माणसं अंधार पडल्यावरच घरी येतात.

खरी मजा आली ती ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास. प्रश्न होता: एका एकरात वेली किती, आणि हे तुम्ही कसं सांगता? एका मुलीनं वडिलांचं उत्तर जसंच्या तसं आणलं: दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच फूट, एकरी साडेनऊशेच्या वर. छाटणीची मजुरी ठरवताना हा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. आम्ही मैदानात टेप आणि चुना घेऊन उतरलो. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, तो आखला. 1,089 चौरस फूट. एका वेलीची जागा 45 चौरस फूट. 45 किती वेळा जातात? चोवीस वेळा, आणि थोडं उरतं. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून 24 गुणिले 40, म्हणजे 960. मग थेट एकराचे 43,560 चौरस फूट घेऊन 45 नं भागलं, तर बरोबर 968. आठ वेली कुठून आल्या यावर वर्गात चांगलीच जुंपली. शेवटी एक मुलगा म्हणाला, “प्रत्येक गुंठ्यात जे थोडं उरलं होतं ते आपण टाकून दिलं, त्याच्या झाल्या.” बाकीचा भागाकारात काय अर्थ असतो, हे मी फळ्यावर इतक्या सहज कधी पोचवू शकले नसते. पुढच्या पालक सभेला त्या मुलीचे वडील आले आणि कोपऱ्यात उभे न राहता पुढे बसले. वेल छाटताना काडीवरचे डोळे, म्हणजे नवी फूट येते त्या जागा, कशा मोजायच्या ते त्यांनीच मुलांना काडी हातात घेऊन दाखवलं.

सगळेच प्रश्न असे रंगत नाहीत. ‘घरातला जुना सण’ विचारला तर सगळीकडून दिवाळीच आली. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी कशी करतात हे विचारलं, तेव्हा सुरगाण्याकडची एरवी गप्प बसणारी मुलं तासभर बोलत राहिली. म्हणजे प्रश्न जितका नेमका, तितकं घर बोलतं. पाढे मी सोडलेले नाहीत. ते रोज वर्गात तोंडी होतात, आणि शिष्यवृत्तीची तयारीही शाळेच्या वेळेतच होते.

ज्यांच्या घरी ऐकायलाच कुणी नसतं, अशी काही मुलं अजून आहेत. त्यांच्यासाठी पोषण आहार शिजवणाऱ्या ताई मधल्या सुट्टीनंतर थोडा वेळ काढतात आणि चेहऱ्यावर खूणही त्याच करतात.

यंदा तिसरीच्या वर्गशिक्षिकाही यात आल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत बागांमध्ये द्राक्षमण्यांची फुगवण मिलिमीटरमध्ये मोजायला मापाच्या रिंगा बाहेर निघतील. मिलिमीटरचा पाठ मी तोपर्यंत मागे ठेवला आहे.